शाळेच्या मायक्रोस्कोपमधून पेशी पाहायची कशी

नववीत पेशीचा धडा येतो तोवर बहुतेक मुलांची पेशीची आकृती पाठ झालेली असते. पेशी मात्र कोणी पाहिलेली नसते. मग लॅबमध्ये रांगेत उभे राहून नेत्रिकेला डोळा लावायची पाळी येते. आत फिकट रेघांची जाळी दिसते, कधी नुसता राखाडी धूर दिसतो, आणि मूल म्हणते, "टीचर, कायच दिसत नाही." त्याचे खरे असते. पुस्तकातल्या रंगीत आकृतीतले निम्म्याहून अधिक भाग शाळेच्या सूक्ष्मदर्शकात दिसतच नाहीत. जे दिसू शकते तेही यंत्र महाग असल्यामुळे दिसते असे नाही. सोलपट पातळ हवे, उजेड बेताचा हवा आणि पाहणाऱ्याला घाई नको, एवढ्यावरच ते अवलंबून असते.

पुढचे सगळे नववी-दहावीच्या मुलांसाठी, घरी मदत करणाऱ्या पालकांसाठी आणि लॅबची चावी पहिल्यांदाच हातात पडलेल्या शिक्षकांसाठी आहे. आपल्याकडे गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलांना पुढे विज्ञान इंग्रजीतून शिकावे लागते. जर्नलमध्ये सेल वॉल, न्यूक्लिअस असेच लिहायचे असते, म्हणून दोन्हीकडची नावे लागतील तशी घेतली आहेत.

यंत्र हातात घेताना

सूक्ष्मदर्शक उचलायचा तो दोन हातांनी. एका हाताने मान धरायची, दुसरा हात बुडाखाली. नळी धरून कधीच उचलायचा नाही.

वर डोळा लावतो ती नेत्रिका, तिच्यावर बहुधा १०× लिहिलेले असते. खाली फिरत्या चकतीला, म्हणजे नोजपीसला, वस्तुभिंगे बसवलेली असतात. ती १०× आणि ४०× असतात, काही यंत्रांत जोडीला ४× असते, जुन्यांत ४०× च्या जागी ४५×. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की एकूण वर्धन मिळते. १०× ची नेत्रिका आणि ४०× चे भिंग म्हणजे ४०० पट. बाजूला दोन स्क्रू असतात, मोठा आणि बारीक. मोठ्याने नळी किंवा काचपट्टी ठेवायचा मंच भराभर सरकतो, बारकाने केसभर.

४०× च्या भिंगावर बारीक आकड्यांत १६०/०.१७ असे कोरलेले आढळेल. १६० ही नळीची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि ०.१७ ही कव्हरस्लिपची, म्हणजे वस्तूवर झाकायच्या पातळ काचेची जाडी, तीही मिलिमीटरमध्येच. म्हणजे वस्तूवर एवढ्याच जाडीची काच आहे असे धरून ते भिंग घडवलेले असते. कव्हरस्लिप संपल्या म्हणून दुसरी काचपट्टीच वर ठेवली, तर ४०× खाली चित्र येणार नाही. काचपट्टी चुकून उलटी ठेवली, म्हणजे कव्हरस्लिप खालच्या बाजूला गेली, तरी तेच होते. १०× वर छान दिसते आणि ४०× वर काही केल्या फोकस होत नाही, अशी तक्रार आली की आधी काचपट्टी सुलटी आहे का ते पाहावे.

उजेड

नवशिक्यांचा निम्मा वेळ इथे जातो, आणि पुस्तके याबद्दल दोन ओळींत उरकतात.

आरशाचे यंत्र असेल तर खिडकीशी बसा, पण उन्हात नको. आरशावर थेट ऊन घेतले तर ते भिंगांतून एकवटून डोळ्यात जाते, आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. पांढरे ढग किंवा समोरची चुन्याची भिंत यांचा उजेड सर्वांत चांगला. आरशाला दोन बाजू असतात. मंचाखाली कंडेन्सर, म्हणजे उजेड एकवटणारे भिंग असेल तर सपाट बाजू वापरायची, नसेल तर खोलगट. जुलैत भर दुपारी दिवे लावायची वेळ येते तेव्हा टेबल लॅम्प घ्या आणि त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर धरा. मोबाईलच्या टॉर्चवरही तोच कागद लावला की काम भागते.

उजेड जास्त म्हणजे चित्र चांगले, हा समज सोडून द्या. पेशी जवळपास पारदर्शक असते. प्रखर उजेडात तिच्या कडा वाहून जातात आणि पांढऱ्या गोलाखेरीज काही उरत नाही. मंचाखालचा डायफ्राम, म्हणजे उजेडाची वाट लहानमोठी करणारी झडप, हळूहळू मिटत आणा. चित्र थोडे काळवंडते आणि त्याच वेळी रेषा उठून येतात, तिथे थांबा. ४०× वर गेल्यावर उजेड कमी पडतो, तेव्हा डायफ्राम पुन्हा थोडा उघडावा लागतो. रंग न दिलेली पेशी पाहायची असेल तर डायफ्रामवरच सगळी भिस्त असते.

कांदा

सुरुवात कांद्याचीच करावी. मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, घेऊन ठेवलेल्या माळेतला गावठी कांदा चालतो. मोठ्या कांद्याचे सोलपट मात्र हाताळायला सोपे जाते, म्हणून पहिल्या खेपेला तो घ्या.

१. कांद्याचे उभे चार भाग करा. सुकी साल टाकून द्या आणि आतली एक रसाळ, टणक पाकळी घ्या.

२. पाकळी दोन्ही हातांत धरून मधोमध मोडा, पण पुरती तोडू नका. आतल्या, खोलगट बाजूला मोडलेल्या कडेशी एक पारदर्शक पडदा सुटलेला दिसेल. तो चिमट्याने अलगद ओढा.

३. पडदा लगेच बशीतल्या पाण्यात टाका. हवेत राहिला तर गुंडाळतो आणि सुकतो.

४. पाण्यातच त्याचा छोटा तुकडा कापा, करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढा. मोठा तुकडा घेतला की घड्या पडल्याच म्हणून समजा.

५. सॅफ्रॅनिन या लाल रंगाच्या पातळ द्रावणात तो मिनिट-दोन मिनिटे ठेवा आणि पुन्हा पाण्यात धुवा. घरी करत असाल तर औषधाच्या दुकानातले आयोडिन पाण्यात घालून कोऱ्या चहाइतके पातळ करा.

६. काचपट्टीच्या मधोमध ग्लिसरिनचा एक थेंब, त्यावर तुकडा. बारीक ब्रशने पसरून घ्या. ग्लिसरिन नसेल तर पाणी घ्या, फक्त ते लवकर सुकते.

७. कव्हरस्लिपची एक कड थेंबाला टेकवा, दुसरी कड सुईवर तोलून हळूहळू खाली आणा. बाहेर आलेले पाणी टिपकागदाने टिपा.

सातवी पायरी घाईत केली की हवेचे बुडबुडे अडकतात. बुडबुडा अगदी गोल असतो, त्याची कड जाड आणि काळी असते, आणि आत काहीच नसते. तो इतका ठसठशीत दिसतो की जर्नलमध्ये पेशी म्हणून हमखास त्याचीच आकृती येते. झाडाच्या सालपटातली पेशी अशी काटेकोर गोल नसते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

फोकस

सर्वांत कमी शक्तीचे भिंग खाली आणा. आता नेत्रिकेतून पाहू नका. बाजूने, डोळे मंचाच्या पातळीवर आणून पाहा आणि मोठ्या स्क्रूने भिंग काचपट्टीच्या जवळ आणा, टेकू न देता. मग नेत्रिकेला डोळा लावा आणि अंतर वाढवत जा. चित्र येईल तिथे थांबून बारीक स्क्रू वापरा. नेत्रिकेतून पाहत पाहत भिंग खाली आणणारे मूल केव्हा ना केव्हा कव्हरस्लिप फोडते, आणि भिंगालाही चरा पाडते.

चित्र उलटे असते. काचपट्टी उजवीकडे सरकवली की पेशी डावीकडे पळतात. पहिले काही दिवस हात गोंधळतो, मग सवय होते.

४०× वर जायचे असेल तर हवी ती पेशी आधी १०× वर बरोबर मध्यभागी आणा, फोकस पक्का करा, आणि मगच नोजपीस फिरवा. यापुढे मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही. ४०× चे भिंग काचेपासून मिलिमीटरभरही दूर नसते.

काळा ठिपका दिसत असेल आणि तो कुठला ते कळत नसेल, तर नेत्रिका जागच्या जागी फिरवा. ठिपका फिरला तर धूळ नेत्रिकेवर आहे. काचपट्टी हलवल्यावर हलला तर तो काचपट्टीवर आहे. दोन्हींना दाद देत नसेल तर वस्तुभिंग पुसायला झाले आहे.

दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहायला शिका. एक डोळा मिटून पाहिले की पाच मिनिटांत कपाळ दुखायला लागते.

कांद्यात काय दिसते आणि काय नाही

लांबट, एकमेकींना चिकटलेल्या चौकटी दिसतात. चौकटीची रेघ म्हणजे पेशीभित्तिका, सेल वॉल. प्रत्येक चौकटीत एक गडद ठिपका, तो केंद्रक, म्हणजे न्यूक्लिअस. बहुतेक पेशींत तो एका कडेला सरकलेला असतो, कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेने, व्हॅक्युओलने, व्यापलेली असते आणि पेशीद्रव्य कडेच्या पातळ थरात उरते. पण काही पेशींत केंद्रक ऐन मधोमध दिसते. ते का, हे मुलांना विचारून पाहा. तिथेही ते भिंतीलाच लागून असते, फक्त ती भिंत आपल्या डोळ्यासमोरची किंवा तिच्या मागची असते. पेशीला खोली आहे आणि आपण तिच्याकडे वरून पाहतो आहोत, हे सपाट आकृतीतून कधी कळत नाही.

हरितलवक, म्हणजे क्लोरोप्लास्ट, कांद्यात नसतात. हिरवा रंगच नाही तिथे ते कुठून असणार? तरीही वनस्पतीपेशी म्हटली की हिरवे ठिपके काढायचे, अशी हाताला सवय लागलेली असते.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दाखवता येत नाहीत, भिंग कितीही चांगले असो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पेशीत प्रथिने बनवणारा रायबोसोम २०-३० नॅनोमीटरचा, म्हणजे त्या मर्यादेच्या कितीतरी खाली. आंतर्द्रव्यजालिकेची रचनाही तशीच निसटते. तंतुकणिका, मायटोकाँड्रिया, साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर रुंद असते. ती या मर्यादेत बसते खरी, पण तिला रंग नसतो. तिला रंगवायला वेगळे रसायन लागते, सॅफ्रॅनिनने ते होत नाही. केंद्रकाला रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये नाव दिले ते साध्या भिंगांच्या जोरावर. पेशीतल्या बारीक घटकांची रचना उलगडायला मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला, आणि पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९३१ मधला, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनंतरचा. पुस्तकातली आकृती ही दोन शतकांत कितीतरी यंत्रांनी मिळून दाखवलेल्या गोष्टींची बेरीज आहे. एका काचपट्टीत ती सापडली नाही म्हणून तुमचे काही चुकलेले नाही.

पेशी हे नाव ज्याच्यामुळे रूढ झाले त्या रॉबर्ट हूकनेही १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे पाहिले त्या रिकाम्या भिंतीच होत्या. आत जिवंत काही उरलेले नव्हते. त्या मानाने तुमचा कांदा बरा.

गालाच्या पेशी

प्राणीपेशीसाठी गालाच्या आतल्या बाजूची खरवड घेतात. आधी चूळ भरा. स्वच्छ कापूसकाडीने गालाच्या आतून हलकेच फिरवा, रक्त येईल असे खरवडायचे नाही. काचपट्टीवर मिठाच्या अगदी सौम्य पाण्याचा थेंब घ्या (१०० मिलिलिटरला साधारण एक ग्रॅम मीठ), त्यात काडी फिरवा, मिथिलीन ब्लूचा छोटा थेंब टाका, मिनिटभराने कव्हरस्लिप ठेवा. प्रत्येकाने आपलीच पेशी घ्यायची आणि आपलीच काडी ब्लीचच्या पाण्यात टाकायची. यात सूट नको.

दिसतात त्या चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी, एकेकट्या किंवा दुमडलेल्या, मधोमध निळे केंद्रक. भिंत नाही, म्हणून ठरलेला आकारही नाही. कांद्याशेजारी ही काचपट्टी पाहिली की वनस्पती आणि प्राणी यांच्या पेशींतला फरक वेगळा पाठ करावा लागत नाही.

कच्चे केळे

हा प्रयोग पुस्तकात असो वा नसो, करून पाहाच, कारण याला सोलपटही लागत नाही. कच्च्या केळ्याचा गर सुईच्या टोकावर येईल एवढाच घ्या, पाण्याच्या थेंबात पसरा, वर पातळ आयोडिन. पेशींमध्ये निळे-काळे लांबट कण खच्चून भरलेले दिसतील, ते पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे. मग त्याच घडातले पिकलेले केळे घ्या. कण विरळ झालेले असतात, कारण पिकताना पिष्टाची साखर होते. केळे मयडेचे असो की साळदाट्टी, फरक दिसतोच. कांद्यावर आयोडिन टाकल्यावर असे निळे कण दिसत नाहीत, कारण कांदा आपला साठा पिष्टाच्या नव्हे, साखरेच्या रूपात ठेवतो.

जांभळे पान आणि खारे पाणी

माझ्या मते शाळेतला सर्वांत मोलाचा प्रयोग हा, आणि नेमका तोच वेळ नाही म्हणून गाळला जातो. कांद्यात पेशीभित्तिका दिसते, पण तिला आतून चिकटलेले प्रद्रव्यपटल, म्हणजे सेल मेंब्रेन, वेगळे दिसत नाही. त्याची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजायची. ते आहे हे दिसते ते फक्त ते भिंतीपासून सुटल्यावर.

याला रिओचे पान हवे. वरून हिरवे, खालून गर्द जांभळे, तलवारीसारखे लांब पान. देवळांच्या आवारात, घरांच्या कुंपणाशी, सरकारी कचेऱ्यांच्या कुंड्यांत ते सर्रास असते. पानाची जांभळी बाजू वर धरून ते तिरके फाडा. फाटलेल्या कडेशी जांभळ्या, पातळ पापुद्र्याची पट्टी सुटते. याचा रस काहींच्या त्वचेला चावतो, म्हणून नंतर हात धुवा.

पट्टी पाण्याच्या थेंबात ठेवून आधी तशीच पाहा. रंग द्यायची गरजच नाही, कारण जांभळा रंग पेशींच्या रिक्तिकेत आधीच भरलेला असतो. मधूनमधून पर्णरंध्रे दिसतील, दोन रक्षक पेशींच्या मध्ये फट. सभोवतालच्या जांभळ्या पेशींच्या गर्दीत या रक्षक पेशींतले हिरवे कण उठून दिसतात. ते हरितलवक.

आता काचपट्टी मंचावरून न हलवता कव्हरस्लिपच्या एका कडेला खाऱ्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. कागद साधे पाणी ओढून घेतो आणि खारे पाणी आत शिरते. पाऊण कप पाण्यात दीड चमचा मीठ पुरे. मिरामारला गेला असाल तर बाटलीत समुद्राचे पाणी आणा. त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तेवढे पुरतात. डोळा नेत्रिकेवरून काढू नका. दोन-चार मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, आक्रसतो, आणि भिंतीच्या चौकटीत एक जांभळा गोळा उरतो. त्या गोळ्याची कड म्हणजे प्रद्रव्यपटल. भिंत आपल्या जागी आहे, आतले पाणी बाहेर गेले आहे. याला रससंकोच म्हणतात, जर्नलमध्ये प्लाझ्मोलिसिस.

लगेच उलट दिशेने साधे पाणी सोडले तर जांभळा भाग पुन्हा फुगून भिंतीला टेकतो. फार वेळ मिठात ठेवल्यावर मात्र टेकत नाही. पेशी मेली की पटलाचा पाण्यावरचा ताबा जातो. मेलेल्या पेशीत रससंकोच होत नाही हेही दाखवता येते: एक पट्टी मिनिटभर उकळत्या पाण्यात टाका आणि तोच प्रयोग करा. रंगच बाहेर वाहून गेलेला दिसेल.

हे पाहिल्यावर खाजन शेतीची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. मांडवी-झुवारीच्या काठी बांध घालून आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारे उघडमीट करून खारे पाणी शेताबाहेर ठेवतात. बांध फुटून भरतीचे पाणी उभ्या भातात शिरले, की मुळांच्या पेशींना पाणी ओढणे जड जाते, अंगात शिरलेले मीठ वेगळा त्रास देते, आणि पीक करपते. कोरगुटसारखे खारेपण सोसणारे भात म्हणूनच तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकले. मिठात घातलेल्या तोरांना, म्हणजे कच्च्या आंब्यांना, सुरकुत्या पडतात त्यामागेही हाच व्यवहार आहे.

घरी परासरण, म्हणजे पटलातून होणारी पाण्याची ही ये-जा, मोठ्या आकारात पाहायचे असेल तर अंडे घ्या आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये दीड-दोन दिवस बुडवून ठेवा. कवच विरघळते, आतला पडदा राहतो. ते साध्या पाण्यात फुगते, मिठाच्या दाट पाण्यात आकसते. ते खायचे मात्र नाही.

हायड्रिला

तळीत, पाटात किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी ही वनस्पती. शेंड्याजवळचे एक कोवळे पान तोडून पाण्याच्या थेंबात ठेवले की काचपट्टी तयार. पान दोनच पेशींच्या थराचे असते, म्हणून सोलणे-कापणे काही नाही. बारीक स्क्रू फिरवला की आधी एक थर येतो, मग तो विरतो आणि खालचा येतो. डहाळी आधी दहा-पंधरा मिनिटे चांगल्या उजेडात, कोमट पाण्यात ठेवली असेल तर ४०× वर हरितलवक भिंतीच्या कडेकडेने सरकताना दिसतात, मधल्या शिरेजवळ विशेष. ते स्वतः पोहत नसतात, पेशीद्रव्यच फिरत असते आणि ते त्याच्याबरोबर वाहतात. गप्प बसून मिनिटभर एकाच पेशीकडे पाहावे लागते, आणि रांगेत मागून कोणी ढकलत असेल तर हे जमत नाही.

पाणी आणायला गेलाच आहात तर एक थेंब त्या पाण्याचाही पाहा. धावपळ करणारे जीव थांबवायला कव्हरस्लिपखाली कापसाचे दोन-चार तंतू पसरायचे. खाजनाच्या पोयींतल्या, म्हणजे तिथल्या तळ्यांतल्या, निमखाऱ्या पाण्यात काचेसारख्या कवचाचे डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, मिळतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अशा सूक्ष्म जीवांवर संशोधन चालते. शाळेच्या १०× भिंगाखालीही मोठे डायटम ओळखू येतात.

पेशी मोजायची

प्लास्टिकची पारदर्शक पट्टी मंचावर ठेवा आणि १०× च्या भिंगाखाली मिलिमीटरच्या रेघा पाहा. दृष्टिक्षेत्राचा, म्हणजे दिसणाऱ्या उजळ गोलाचा व्यास किती ते अंदाजे वाचता येते. समजा तो १.६ मिलिमीटर आला. कांद्याच्या पाच पेशी लांबीच्या दिशेने त्या गोलात मावल्या, तर एक पेशी १.६ भागिले ५, म्हणजे ०.३२ मिलिमीटर, अर्थात ३२० मायक्रोमीटर.

४०× वर पट्टीच्या रेघा मावत नाहीत, तिथे हिशेब करायचा. शक्ती चौपट झाली की व्यास चौथाई होतो, म्हणून ०.४ मिलिमीटर. गालाची पेशी या गोलाच्या साधारण सातव्या भागाएवढी दिसली तर ती ६० मायक्रोमीटरच्या आसपास आहे. "खूप लहान" असे लिहिण्यापेक्षा आकडा लिहिला की शिक्षकही वही दोनदा पाहतात.

आकृती

पेन्सिल टोकदार, रेघ एकच, छायांकन नाही. तीन-चार पेशी मोठ्या काढा, शंभर लहान नकोत. भित्तिकेला जाडी आहे, म्हणून दोन रेघा. नावांच्या रेघा उजवीकडे, एकमेकींना न कापणाऱ्या. खाली वस्तू, रंजक (दिलेला रंग) आणि एकूण वर्धन लिहायचे: कांद्याचा पापुद्रा, सॅफ्रॅनिन, १०० पट.

आणि दिसले तेच काढायचे. कांद्यात गॉल्गी पिंड काढून गुण मिळतील असे वाटत असेल तर परीक्षक "कुठे आहे, दाखव" म्हणाल्यावर काय करायचे तेही ठरवून ठेवा. मोबाईलचा कॅमेरा नेत्रिकेवर टेकवून फोटो घेता येतो आणि तो घ्यावाही, पण आकृती डोळा लावूनच काढावी. फोटोत एकाच खोलीवरचे चित्र मिळते. डोळा आणि बारीक स्क्रू मिळून वरखाली सगळे थर चाळतात.

पावसाळ्यात यंत्र जपताना

गोव्यात सूक्ष्मदर्शक वापराने कमी आणि बुरशीने जास्त मरतात. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसू लागले की बुरशी आली. ती वाढू दिली तर काचेवरचा लेपच खाते, आणि मग पुसून काही उपयोग होत नाही.

काम झाल्यावर कमी शक्तीचे भिंग खाली ठेवून मंच कोरडा पुसा. खारे पाणी वापरले असेल त्या दिवशी तर नक्कीच. भिंगे लेन्स पेपरने किंवा अनेकदा धुतलेल्या मऊ सुती कापडाने, आधी फुंकणीने धूळ उडवून पुसायची. शर्टाचे टोक, रुमाल, बोट, काही लावायचे नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलेच तर कापडाला टिपकाभर, भिंगावर ओतायचे नाही.

जून ते सप्टेंबर नेत्रिका आणि वस्तुभिंगे काढून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि नळीची उघडी तोंडे टोपणाने बंद करा. डब्याबाहेरच्या यंत्रावर नुसते प्लास्टिकचे आवरण घालून ठेवणे वाईटच, कारण ओल आत कोंडते. कपाटातच ठेवायचे असेल तर आत कमी वॅटचा, तापणारा बल्ब जळता ठेवतात. एलईडी तापत नाही, त्याचा इथे उपयोग नाही. निळी सिलिका गुलाबी झाली की ती ओल पिऊन भरली. जुन्या, वेगळ्या ठेवलेल्या तव्यावर मंद आचेवर गरम केली की पुन्हा निळी होते. त्या निळ्या रंगात कोबाल्टचे संयुग असते, तेव्हा हा तवा परत स्वयंपाकात घ्यायचा नाही.